पिशवी काढण्यापासून आजार काढण्यापर्यंत

उपचारासाठी मिरजेला यायची वहिवाट जुनी. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये इथं रुग्णालय सुरू केलं, आणि तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून, साताऱ्याकडून माणसं या गावात येत राहिली. एंडोमेट्रिओसिसच्या ऑपरेशनसाठी येणाऱ्या बायका-मुली आज त्याच वाटेनं येतात. यातल्या अनेकींची कितीतरी वर्षं 'पाळीत दुखायचंच, सोसावं लागतं' हे ऐकण्यात गेलेली असतात. ऑपरेशनच्या आधी-नंतर डॉक्टर ज्या सूचना देतात, त्यातल्या प्रत्येकीमागे इतिहास आहे.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात: अंडाशयावर, पोटाच्या आतल्या आवरणावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. पाळीच्या चक्राबरोबर त्या सुजतात, त्यांतून रक्त येतं, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं प्रजननाच्या वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटी स्त्रियांना हा आजार आहे. अमेरिकेतले डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये अंडाशयातल्या जुन्या, काळपट रक्तानं भरलेल्या गाठींचं सविस्तर वर्णन केलं. सांगलीतल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात आजही दिसणारी 'चॉकलेट सिस्ट' ती हीच. पाळीचं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात जातं आणि तिथं पेशी रुजतात, असं त्यांनी १९२७ मध्ये मांडलं. पण असं रक्त बहुतेक स्त्रियांच्या पोटात जातं, आजार मात्र काहींनाच होतो. म्हणजे हे उत्तर अपुरं आहे.

त्याआधीचा काळ कठोर होता. १८७२ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट बॅटी यांनी पाळीच्या त्रासावर उपाय म्हणून एका तरुणीची अंडाशयं काढली आणि पुढं या ऑपरेशनची लाटच आली. दुखतंय ना, मग अवयवच काढून टाका, हा तो विचार. तो आपल्याकडे अजून संपलेला नाही. 'मुलं झाली ना, मग पिशवी कशाला ठेवायची?' हे वाक्य तासगाव-वाळव्याकडच्या घरांत सहज बोललं जातं. याचं सगळ्यांत क्लेशदायक रूप ऊसतोडीच्या टोळ्यांत दिसलं. बीडहून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे ऊस तोडायला येणाऱ्या बायकांची २०१९ मध्ये सरकारनं पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. या सगळ्यांना एंडोमेट्रिओसिस नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवं. पण दुखण्याची नीट तपासणी न होता, खाडा पडेल या धास्तीनं घेतलेल्या निर्णयांची किंमत या बायकांनी शरीरानं मोजली, आणि ते मला अक्षम्य वाटतं. काहींना गर्भाशय काढणं खरोखर गरजेचं असतं. पण आतड्यावर, आवरणावर आजार तसाच राहिला तर पिशवी जाऊनही दुखणं उरू शकतं. अंडाशयंही गेली तर तरुण वयात पाळी थांबते, हाडं ठिसूळ होऊ लागतात.

आजार काढायचा आणि अवयव राखायचा, हे शक्य झालं ते दुर्बिणीमुळे. स्वीडनमधल्या याकोबेयस यांनी १९१० मध्ये माणसाच्या पोटात दुर्बीण घालून पाहिलं. पॅरिसमधल्या राऊल पामर यांनी १९४० च्या दशकात ती स्त्रीरोगांसाठी रुळवली. पोटात वायू भरण्यासाठी आजही वापरली जाणारी सुई मात्र क्षयरोगाच्या उपचारातून आली. हंगेरीतल्या वेरेस यांनी १९३८ मध्ये ती छातीत हवा भरून फुप्फुसाला विश्रांती देण्यासाठी सांगितली होती. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी क्षयरोग्यांसाठीच वसली, म्हणून हा धागा मला विशेष जवळचा वाटतो. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस खांदा दुखतो तो या वायूमुळे. पोटाचं ऑपरेशन आणि दुखतोय खांदा, म्हणून घाबरू नये.

तयारीही बदलत गेली. आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा बंद, या शिस्तीला बळ मिळालं ते १९४६ च्या मेंडेलसन यांच्या निबंधानं. भुलेत पोटातलं फुप्फुसात जाण्याचा धोका त्यांनी दाखवला. १९९९ पासून अमेरिकी भूलतज्ज्ञांचे नियम सैल झाले: हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. तरी आपल्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळच पाळावी. निदानासाठी पूर्वी दुर्बीणच घालावी लागे. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ती सक्ती काढली. आता चांगली सोनोग्राफी किंवा एमआरआय करून आजार कुठवर पोहोचलाय हे आधीच बघतात. आतड्यावर आजार असेल तर त्या दिवशी पोटाचे सर्जन हजर असतील का, हे विचारून घ्यावं. मूल हवं असेल तर ते ऑपरेशनआधीच बोलावं, कारण सिस्ट काढताना अंडाशयातला बीजांचा साठा कमी होऊ शकतो. गर्भाशय काढण्याची वेळ आली तर काय करायचं, हे संमतीपत्रात स्पष्ट असावं, आणि सही करण्याआधी ते बाईनं स्वतः वाचावं. वाचता येत नसेल तर वाचून घ्यावं.

सावरण्याच्या बाबतीत घरची रीत आणि दवाखान्याची रीत यांत ओढाताण होते. पूर्वी डॉक्टरच आठवडाभर झोपवून ठेवत. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात लवकर उठवणं, लवकर खायला देणं, वेदना नीट आवरणं यांची सांगड घालून दाखवली, आणि आता त्याच संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या सकाळी चालायला लावतात. त्यानं पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका घटतो. घरी मात्र 'उठू नकोस' आणि 'भात नको, टाके पिकतील' सुरू होतं. भातानं टाके पिकत नाहीत. मऊ भात, वरण, भरपूर पाणी चालतं. आराम हवा तो वजन उचलण्यापासून: भरलेली घागर, वैरणीचा भारा, गॅसची टाकी काही आठवडे दुसऱ्यानं उचलावी. साध्या ऑपरेशननंतर एक-दोन आठवड्यांत हलकी कामं जमतात, आतड्याचा भाग काढला असेल तर बराच जास्त वेळ लागतो. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, उलट्या, एका पायाला सूज, यांतलं काही दिसलं तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठावा.

पुढची पहिली पाळी जास्त दुखू शकते, त्यावरून ऑपरेशन फसलं असं धरू नये. आजार पुन्हा येऊ शकतो, म्हणून लगेच मूल नको असेल तर डॉक्टर बहुधा हार्मोनच्या गोळ्या सुचवतात. ऑपरेशनची नोंद, काढलेल्या भागाचा बायोप्सी रिपोर्ट आणि असेल तर चित्रण मागून घेऊन जपावं. दहा वर्षांनी कराडला वा पुण्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं, तर आत काय होतं, काय काढलं आणि काय ठेवलं हे त्यांना या कागदांतूनच कळेल.