काळ्या मातीची दबाई

रस्त्याच्या खडी-डांबराच्या थरांखालील मातीचा पाया थराथराने पसरून, ठरावीक ओलाव्यावर रोलर फिरवून घट्ट करण्याच्या क्रियेस दबाई म्हणतात. दबाईने कणांमधील हवा बाहेर पडते, पाणी मात्र जवळजवळ तेवढेच राहते; चिकणमातीच्या बहुतेक अडचणी येथूनच सुरू होतात.

कंपन रोलरच्या पोलादी ड्रममध्ये मध्यबिंदूपासून ढळलेले वजन वेगाने फिरते आणि त्यामुळे ड्रम सेकंदाला साधारणपणे 25 ते 40 वेळा हादरतो. वाळू किंवा मुरूम असेल, तर या हादऱ्यांनी कणांमधील घर्षण क्षणभर कमी होऊन ते परस्परांच्या पोकळ्यांत बसतात. चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म, चपटे आणि पाण्याच्या पातळ आवरणाने एकमेकांना धरून असतात; नुसत्या कंपनाला ते दाद देत नाहीत. गुळगुळीत ड्रमने केवळ पृष्ठभाग चकाकतो, आतली ढेकळे तशीच राहतात. त्यामुळे येथे खुरांसारखे उंचवटे असलेला पॅडफूट ड्रम वापरतात, जो जास्त कंपविस्तारावर (म्हणजे ड्रम अधिक उंच-खाली हादरेल असा) चालवला असता कणीक तिंबावी तशी माती तिंबतो. थर घट्ट होत जाईल तसे हे खूर वर येऊ लागतात, आणि जाणता मुकादम चाचणीआधीच त्यावरून अंदाज बांधतो.

ओलावा व घनता यांचा संबंध आर. आर. प्रॉक्टर यांनी 1933 मध्ये लॉस एंजेलिस येथील धरणकामाच्या अनुभवातून मांडला. भारतात आयएस 2720 या भारतीय मानकाच्या भाग 8 मधील जड दबाई चाचणी प्रमाण धरतात, तीत 4.9 किग्रॅ वजनाचा ठोकळा 450 मिमी उंचीवरून पाडला जातो. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार रस्त्याखालील वरच्या 500 मिमी मातीची शुष्क घनता (पाण्याचे वजन वगळून धरलेली घनता) या चाचणीतील कमाल घनतेच्या किमान 97 टक्के असावी लागते.

दख्खनच्या काळ्या मातीला मात्र हा निकष सरसकट लावता येत नाही. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते, आणि इष्टतम ओलाव्यापेक्षा, म्हणजे ज्यावर सर्वाधिक घनता मिळते त्या ओलाव्यापेक्षा, कोरडी असताना खूप घट्ट दाबलेला थर पावसात सर्वाधिक फुगतो. म्हणजे घनतेच्या चाचणीत उत्तम ठरलेला पाया पहिल्याच पावसाळ्यात उचलला जाऊ शकतो. म्हणून अशी माती इष्टतम ओलाव्यापेक्षा किंचित ओलसर दाबणे बरे. विनिर्देशही तिला वरच्या 500 मिमी पायात आणि त्याखालील आणखी 500 मिमी थरात मनाई करतात. उरलेल्या भरावात ती चालते, पण तेथे 90 टक्के घनता पुरेशी मानली आहे. वरच्या भागात मुरूम घालतात किंवा मातीत चुना मिसळतात. न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर वर देऊन फुगवटा रोखण्याची पद्धत मुंबईच्या आयआयटीतील आर. के. कट्टी यांनी विकसित केली.

ओलावा फार वाढल्यास रोलरखाली माती रबरासारखी खालीवर होऊ लागते. अशा वेळी फेऱ्या वाढवून काहीच साधत नाही. थर नांगरून उघडावा लागतो आणि सुकल्यावर पुन्हा दाबावा लागतो.