चोर्ल्याच्या चढाला थांबणारा वायपर

वायपरची मोटर हातात धरून, तिच्या नळीला तोंड लावून मी जीव खाऊन हवा ओढत होतो. तेवढ्यात मामा गोठ्याकडून आले. "काय करायलास रे? चिलीम ओढायलास काय?" मोटरीचा दांडा बोटभर हलला आणि अडकला. ठणठणीत मोटर असती तर तोंडानं ओढल्यावरसुद्धा इकडून तिकडं फिरली असती.

खानापूरजवळ मामांच्या शेडात 1950च्या सुमाराची अमेरिकन पिकअप आहे. एके काळी विटा-कौलं वाहिलेली. तिचा वायपर विजेवर चालत नाही, इंजिनाच्या श्वासावर चालतो. तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांची वीज 6 व्होल्टची आणि डायनामो अशक्त. दिवे लावून इंजिन सुरू करता आलं तरी पुष्कळ. पेट्रोल इंजिनात मात्र निर्वात फुकट मिळतो. बफेलो शहरातल्या जॉन ओइशेई यांच्या गाडीची पावसात एका सायकलस्वाराला धडक बसली आणि ते वायपरच्या धंद्यात उतरले. 1917 साली सुरू झालेली त्यांची ट्रायको कंपनी पुढं या निर्वात मोटरींसाठी नावाजली. काही अमेरिकन गाड्यांत त्या 1970च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकल्या.

फुकट कसा, ते बघा. पिस्टन खाली येताना हवा मागतो. कार्ब्युरेटरमधली झडप मिटलेली असेल तर ती हवा पुरेशी मिळत नाही आणि मॅनिफोल्डमधला, म्हणजे कार्ब्युरेटरकडून सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळकांड्यातला, दाब घसरतो. वायपरची नळी तिथंच जोडलेली असते. साखर कारखान्यात पॅनवर, म्हणजे रस आटवायच्या बंद भांड्यावर, काम केलेली माणसं आमच्याकडं गावोगाव आहेत, त्यांना हे सांगावं लागत नाही. पॅनमधली हवा काढली की रस 100 अंशांच्या कितीतरी खाली उकळतो, आणि किती हवा काढली हे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. तसंच इथं. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर मॅनिफोल्डमध्ये 430 ते 530 मिलिमीटर निर्वात दिसतो. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर असल्यामुळं इथं हवेचा दाबच 65 मिलिमीटरनं कमी. मीटरचा काटा खाली दिसला म्हणून इंजिन उघडायला बसू नका.

मोटर म्हणजे अर्ध्या डब्याच्या आकाराची पेटी. आत एक पातं, दाराच्या झडपेसारखं फिरणारं. पात्याच्या एका बाजूची हवा इंजिन काढून घेतं, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा येते आणि ती पात्याला ढकलते. ओढत कुणीच नाही, ढकलतंय ते वातावरण. पातं टोकाला पोचलं की एक स्प्रिंग टचकन पलटी खाते, बारकी झडप बाजू बदलते आणि पातं परत फिरतं. पात्याचं क्षेत्रफळ 20 चौरस सेंटिमीटर धरा. 400 मिलिमीटर निर्वाताला त्यावर सुमारे 11 किलोचा रेटा येतो. चढाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की कार्ब्युरेटरची झडप सताड उघडते, हवा धो धो आत जाते आणि निर्वात 50 मिलिमीटरवर आला तर रेटा दीड किलोसुद्धा उरत नाही. ओल्या काचेवर रबर घासत न्यायला तो कुठला पुरणार? उलट उतारावर पाय काढला की वायपर वेड्यासारखा पळतो.

आमचं दुखणं आधी पात्याच्या कडेला होतं. तिथं हवा अडवायला चामड्याची पट्टी असते. ती वाळून पापडासारखी झालेली, जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट. ग्रीस खरवडलं. पट्टीचं काय करावं ते कळेना, म्हणून निपाणीच्या एका चप्पल करणाऱ्या काकांना दाखवली. त्यांनी ती वाकवूनही पाहिली नाही, नुसती नखानं दाबली. "एरंडेलात मुरू दे की दोन दिवस. घाई केलास तर तुटतंय." दोन दिवसांनी पट्टी बोटाभोवती गुंडाळता आली.

पुढची चूक माझी. नळी म्हणून मी सलाइनची नळी लावली. इंजिनाच्या उष्णतेनं ती मऊ पडली आणि आतल्या निर्वातानं चपटी झाली. जाड भिंतीची रबरी नळीच लागते. त्याआधी जुन्या नळीला केसाएवढी चीर होती. तिच्यातून जादा हवा आत शिरून इंजिन उभ्या जागी थरथरायचं, आणि मी शहाणा तीन वेळा कार्ब्युरेटर खोलून बसलो होतो.

अशा गाड्यांत पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायची आपल्याकडं जुनी हौस. मग वायपर गपगार होतो, कारण साध्या डिझेल इंजिनात हवा अडवणारी झडपच नसते, निर्वात येणार कुठून? म्हणून डिझेल गाडीच्या ब्रेक बूस्टरला, म्हणजे निर्वातावर ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याला, वेगळा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो. मामांनी इंजिन बदललं नाही, हे त्यांचे उपकार.

श्रावणात गोव्याहून चोर्ला घाट चढताना मामेभाऊ गाडी चालवत होता. कणकुंबी अजून वर, धुकं आणि सरी. वायपर मध्येच काचेवर थबकला.

"परत बिघडलंय की हे!"

मामा मागं टेकून बसले होते. "काही बिघडलं नाही. पाय काढ की जरा."

त्यानं पाय उचलला. वायपर दोनदा सपासप फिरला, काचेतून पुढचं वळण दिसलं, आणि त्यानं पुन्हा पाय दाबला.