गावचा गाळा: मुंबईतल्या गावकरी मंडळांची पार्श्वभूमी

गिरणगावातल्या जुन्या चाळींमध्ये काही खोल्यांच्या दारावर माणसाच्या नावाची पाटी नसते, गावाच्या नावाची असते. अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई. खाली तालुका, जिल्हा, स्थापनेचं साल आणि रजिस्टर नंबर. आत भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे, कोनाड्यात ग्रामदैवताचा फोटो. आजरा-चंदगडकडची माणसं अशा खोलीला गाळा म्हणतात, कोकणातली मंडळी गावाची खोली किंवा मंडळाची खोली म्हणतात. चाळींच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि या खोल्या एकेक करून नाहीशा होत आहेत. त्या मुळात का निर्माण झाल्या आणि कशा चालल्या, हे त्या पुरत्या जाण्याआधी नीट मांडून ठेवायला हवं.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये काढली. ताडदेवच्या या गिरणीत सूत निघायला लागलं ते 1856 मध्ये. पुढच्या अर्धशतकात गिरण्यांची रांगच लागली आणि त्यांना लागणारे हात बाहेरून आले. 1921च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या शंभरातल्या सुमारे 84 जणांचा जन्म मुंबईबाहेरचा होता. सर्वांत जास्त माणसं आली ती तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, ज्यात आजचा सिंधुदुर्गही येत असे. त्यांच्यापाठोपाठ सातारा, पुणे, कोल्हापूर. कोकणातला माणूस बोटीने यायचा आणि बहुतेक वेळा एकटाच यायचा. गिरणीच्या पगारात बायकोपोरांसह मुंबईत भागत नव्हतं. गावाकडचा जमिनीचा तुकडा कसायला आणि त्यावरचा हक्क शाबूत ठेवायला घरचं कुणीतरी मागे राहणंही भाग होतं. म्हणून बाई गावी आणि बाप्या मुंबईत, असा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालला.

हा एकटा माणूस शहरात उतरल्यावर त्याला पहिली गरज लागायची ती ओळखीची. गिरणीत भरती करणारा साहेब नव्हता, जॉबर होता. खात्यातला हा मुकादम सकाळी दरवाज्यापाशी उभ्या असलेल्या बदलीवाल्यांतून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर घेतल्या जाणाऱ्यांतून, माणसं उचलायचा. कुणाला आत घ्यायचं, कुणाला परत पाठवायचं हे त्याच्या मर्जीवर, आणि मर्जी सांभाळायची तर चहापाणी करावं लागे. आपल्या गावचा किंवा पंचक्रोशीतला कुणी त्या खात्यात असेल तर तो शब्द टाकायचा. दोन-चार महिने रोज मिळेलच याची खात्री नसताना पोटाला घालणारा, आणि वाण्याला 'हा आपला माणूस आहे, याला उधार द्या' असं सांगणारा कुणीतरी लागायचा. गावकरी मंडळाचं बीज इथे आहे. गावाच्या ओढीतून मंडळं निघाली असं आज समारंभांच्या भाषणांत सांगतात. ओढ होतीच. पण आधी पोटाची निकड होती.

सुरुवातीला पाच-दहा जण मिळून भाड्याने खोली घेत. पुढे ती खोली एकाच्या नावावर पण साऱ्या गावाची, अशी रीत पडली. 1920च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे चाळी बांधल्या. त्याच आजच्या बीडीडी चाळी. त्यातली एक खोली साधारण 160 चौरस फुटांची. तीत एका संसाराचीच दाटी व्हायची, पण गिरणगावात एवढ्याशा खोलीत गावातले वीस-पंचवीस बाप्ये राहायचे. हे जमायचं ते पाळ्यांमुळे. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. एकजण कामावर निघाला की दुसरा त्याच जागेवर वळकटी पसरायचा. उन्हाळ्यात अर्धी खोली गॅलरीत आणि फुटपाथवर झोपायची. प्रत्येकाच्या हक्काची जागा म्हणजे भिंतीलगतची पेटी आणि वरची खुंटी.

एवढ्या माणसांनी एवढ्या जागेत वर्षानुवर्षं राहायचं तर नुसत्या गावबंधुत्वावर निभत नाही. म्हणून नियम आले. पाणी भरायची पाळी, झाडू मारायची पाळी. महिन्याची वर्गणी ठरलेल्या दिवशी. गावाहून नवा मुलगा आला तर नोकरी लागेपर्यंत त्याची वर्गणी माफ. दारू पिऊन आला तर दंड, भांडण मारामारीवर गेलं तर बैठक. खोलीला कारभारी, पैशाला खजिनदार, आणि बैठकीत ठरलेलं लिहून ठेवायला ज्याचं अक्षर बरं असा कुणीतरी. गावकीची सवय या लोकांना होतीच. गावात मानकरी असतात, देवळाचा हिशेब असतो, बैठकीत कुणी कुठे बसायचं हेही ठरलेलं असतं. मुंबईत एक मोठा फरक पडला. गावात मान जन्माने मिळायचा. खोलीत खजिनदार व्हायला हिशेब चोख असावा लागे, मग तो मानकऱ्याच्या घरचा असो वा नसो. माझ्या मते या मंडळांनी घडवलेला हा सर्वांत मोठा बदल होता, आणि त्याची दखल फार कमी घेतली गेली आहे.

भिशीचं उदाहरण घेतलं की अशा गटाचं काम नेमकं कसं चालतं ते कळतं. समजा वीस जणांनी दर महिन्याला शंभर रुपये काढायचे ठरवले. दर महिन्याला दोन हजार जमतात आणि ते चिठ्ठी टाकून एकाला मिळतात. पहिल्याच महिन्यात ज्याची चिठ्ठी निघाली त्याच्या हातात जवळजवळ सगळं कर्जच पडलं. उरलेले एकोणीस महिने त्याने प्रामाणिकपणे भरलं नाही तर भिशी बुडाली. कागदावर सही नाही, तारण नाही. मग तो का भरतो? त्याचं घर गावात आहे. त्याचा बाप, चुलता, बहिणीचं सासर, सगळं याच वीस जणांच्या ओळखीतलं आहे. तारण ठेवलेली असते ती घराण्याची अब्रू. पठाणाकडून किंवा सावकाराकडून घेतलेल्या कर्जाचं व्याज पगार खाऊन टाकायचं, तेव्हा लग्नाला, आजारपणाला, गावच्या घराची कौलं बदलायला हीच भिशी उपयोगी पडली. अनोळखी माणसांच्या शहरात विश्वास कुठून आणायचा, हा प्रश्न या लोकांनी गाव सोबत आणून सोडवला.

जेवणाची सोय खोलीत क्वचितच असायची. ती खानावळीत. चाळीतलीच एखादी बाई, बहुधा गिरणी कामगाराची बायको किंवा विधवा, दहा-पंधरा जणांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालायची. खाडे किती झाले याचा हिशेब महिन्याच्या शेवटी. कामगारांच्या युनियनला बोर्ड होता, पुढारी होते. या बायकांचं मात्र कुठलंच संघटन नव्हतं. महिनाअखेरपर्यंत किराणा उधारीवर आणायचा आणि त्यावर जबर व्याज भरायचं, हे त्यांचं रोजचं जिणं. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 मध्ये झालं होतं. गरिबाला तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं हे कागदावर होतं, ते या बायकांनी गटाने एकमेकींना जामीन राहून खरं करून घेतलं. तत्त्व भिशीचंच. फक्त इथे गाव वेगवेगळं होतं, जातही वेगवेगळी होती. एकत्र बांधलं ते कामाने. हे मला गावच्या खोलीपेक्षा एक पाऊल पुढचं वाटतं.

धोबीतलाव आणि माझगाव भागात गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती बांधवांनी अशीच व्यवस्था उभी केली होती. तिला कूड म्हणतात, इंग्रजी अमदानीत तिचं नाव क्लब झालं. एका गावाची एक कूड. बोटीवर काम करणारे तारवटी दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात इथे राहायचे. भिंतीला लागून पेट्या, एका बाजूला गावच्या संताची वेदी, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची रोजारची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना. परळमधल्या गावाच्या खोलीत संध्याकाळी भजनाला टाळ वाजायचे, धोबीतलावच्या कुडीत रोजार व्हायचा. दोन्हीकडच्या माणसांचा एकमेकांशी फारसा संबंध नसेल, पण एकट्या पुरुषाला परक्या शहरात जे लागतं ते दोघांनी जवळजवळ सारख्याच रीतीने मिळवलं.

या कौतुकात एक गोष्ट दडपून चालणार नाही. आपला माणूस कोण, हे ठरवताना परका कोण हेही ठरत होतं. गावाची खोली म्हणताना ती खरं तर गावातल्या एका जातीची, पुष्कळदा एका वाडीची किंवा भावकीची असे. दलितांना तिथे जागा नव्हती. गिरणीतही तेच. विणकाम खात्यात पगार जास्त, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना त्या खात्याबाहेर ठेवलं जाई. 1928च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठासून मांडला. कोकणातल्या दलितांनी मुंबईत स्वतःची पंचायत आणि तिच्या गाववार शाखा उभ्या केल्या. आजची बौद्धजन पंचायत समिती त्याच वाटेवरची. लग्न, मर्तिक, तंटा, जयंती, सगळं शाखेच्या वहीत. ज्यांना इतरांच्या दारातून आत येता आलं नाही, त्यांची संघटना सर्वांत शिस्तीची झाली. आणि बायका? गावच्या खोलीत बाईने राहायचं नाही हा बहुतेक ठिकाणी नियमच होता. गावी राहिलेल्या बाईच्या कष्टांवर ही खोली उभी होती, पण सभासद म्हणून तिचं नाव वहीत नव्हतं.

कामगार चळवळीचा इतिहास सांगताना सभा, पुढारी आणि मागण्या येतात. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. 1890च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती याच प्रयत्नांतून. रविवार मोकळा झाला म्हणून मंडळाची बैठक रविवारी होऊ लागली, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. 1928चा संप सहा महिने चालला आणि त्याच काळात गिरणी कामगार युनियन जन्माला आली. एवढा लांब संप निभावला कसा? युनियनच्या तिजोरीत एवढा पैसा नव्हता. पुष्कळ कामगार गावी गेले, शेतात राबले, उरलेल्यांना खोलीने आणि खानावळीने उधारीवर सांभाळलं. युनियनला जी एकी हवी होती, ती चाळीत आधीच तयार होती.

स्वातंत्र्यानंतर मंडळांचं रूप बदललं. 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानंतर अनेकांनी नोंदणी करून घेतली. घटना, कार्यकारिणी, वार्षिक सभा आली. पैशाचा ओघ उलटा, गावाकडे वळला. गावच्या शाळेला वर्ग, देवळाचा जीर्णोद्धार, विहीर, स्मशानाची शेड. हे पैसे उभे करायला परळच्या दामोदर नाट्यगृहात नमन, शक्ती-तुरा अशा कोकणातल्या लोककलांचे कार्यक्रम किंवा गावच्याच पोरांचं नाटक लावायचं आणि तिकिटं खपवायची. मुंबईकर मंडळ आणि गावातलं ग्रामस्थ मंडळ यांच्यात ताण असायचाच. पैसा मुंबईचा, पण पालखी कुणाच्या खांद्यावर आणि मान कुणाचा हे ठरवणार गाव. या ताणातून कित्येक मंडळं फुटली, एका वाडीची दोन झाली. तरी शिमग्याला दोन्ही गटांची माणसं गावी जायची.

18 जानेवारी 1982 रोजी कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. या वेळी गाव पुरलं नाही. जमिनीचे तुकडे पडले होते, आणि संप असा रेंगाळला की परतायला गिरण्याच उरल्या नाहीत. हजारो पेट्या खोलीतून कायमच्या उचलल्या गेल्या. जे मुंबईत राहिले त्यांची मुलं नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवलीला गेली. मंडळाची बैठक आता तिकडे एखाद्या शाळेच्या वर्गात भरते, वर्गणी मोबाइलवरून जाते, आणि कार्यकारिणीत बायकांची नावं दिसू लागली आहेत.

परळच्या उरलेल्या खोल्या मात्र रिकाम्या नाहीत. केईएम 1926 पासून तिथे आहे, टाटा रुग्णालय 1941 पासून. गावातल्या कुणाला कॅन्सर निघाला की आजही पहिला फोन मंडळाच्या सेक्रेटरीला जातो. रुग्ण आणि त्याच्यासोबतची दोन माणसं खोलीत येऊन उतरतात. ज्या नियमाने बायकांना दार बंद होतं, तो आजारी बाईसाठी आणि तिच्यासोबत आलेल्या लेकीसाठी कधीचाच मोडला गेला आहे. कुणीतरी नंबर लावायला पहाटे जातं, कुणी रक्त देतं, केसपेपर कुठल्या खिडकीवर दाखवायचा हे जुना सभासद सांगतो. आणि माणूस वाचला नाही तर रुग्णवाहिका ठरवून त्याला रात्रीच्या रात्री घाटाखालून गावी पोचवण्याचा खर्च वहीत 'मयत' या सदराखाली लिहिला जातो.