लांडगा मुळात जंगलातला नाहीच

बातम्यांमध्ये अस्वल आणि लांडगा जोडीनंच येतात, 'जंगलातून गावात शिरले' वगैरे. पण महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर दोघांच्या भानगडी पूर्ण वेगळ्या आहेत. लांडगा माळावरचा प्राणी, पुणे, सोलापूर, नगर भागातलं कमी पावसाचं गवताळ रान हेच त्याचं घर, दाट झाडीत तो फारसा रमत नाही.

इंग्रजांनी त्याला उपद्रवी ठरवून डोक्यामागे इनाम लावलं आणि 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत देशभरात इनामापायी 2 लाखांवर लांडगे मारले गेले, वाघ 80 हजार. शाळेच्या पुस्तकात आहे हे, पण लक्षात राहतात ते वाघच.

धनगर आणि लांडगा मात्र आधीपासूनच एकाच माळावर. काळवीट, चिंकारा कमी झाले तसा मेंढरांवरचा भार वाढला, म्हणून रात्री मेंढरांभोवती वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावायची, भोवती कुत्री, आणि तरी पहाटे एखादं कोकरू गेलेलं असतंच. राग येतोच की, बिळं बुजवली जातात, धूर केला जातो. पण खरं नुकसान सरकारी कागदानं केलं असं मला वाटतं, कारण गवताळ माळाची नोंद 'पडीक' म्हणून झाली की तिथं कालवा, ऊस, एमआयडीसी, प्लॉटिंग काहीही चालतं. सोलापूरजवळच्या नान्नजचं, माळढोक पक्ष्यासाठीचं अभयारण्य 1979 साली झालं तेव्हा ते कागदावर 8,496 चौरस किलोमीटर होतं, नंतर 1,222 वर आलं. माळढोकाच्या नावावर लांडग्याचीही सोय झाली होती, ती पण आक्रसली. आता गावाकडच्या मोकाट कुत्र्यांशी संकर होतोय, पुण्याजवळच्या अशा संकराला 2023 मध्ये जनुकीय तपासणीत दुजोरा मिळाला.

पूर्व उत्तर प्रदेशात 1996 ला आणि बहराइचला 2024 मध्ये मुलांवर हल्ले झाले तसं इकडे सहसा होत नाही, माणसाला चावलाच तर बऱ्याचदा पिसाळलेला लांडगा निघतो.

अस्वलाचं तसं नाही. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, मेळघाट, बुलढाण्याचं ज्ञानगंगा, इथं माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात. मोहफुलं रात्रीतून, पहाटे गळतात, मार्च-एप्रिलमध्ये बाया टोपल्या घेऊन अंधारातच निघतात कारण उशीर झाला की फुलं गुरंढोरं खातात, आणि अस्वलालाही तीच फुलं हवी असतात. त्याला नजर कमी, नाक तेज, मान खाली घालून चरत असतं, वारा उलटा असला तर माणूस पार जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मग ते पळत नाही, उभं राहतं आणि तोंडावर पंजा मारतं. वारुळं फोडायची नखं ती, चेहऱ्याचं काय होत असेल ते सांगायला नको. मोह संपला की तेंदूपत्ता, विडीची पानं तोडायची, म्हणजे मेपर्यंत हेच.

आणि याच अस्वलाला दरवेशी वेसण घालून गावोगाव नाचवायचा, आया पोराच्या गळ्यात त्याचे केस ताईतात घालून बांधायच्या, भीती जाते म्हणून. 1972 च्या कायद्यानं त्याला संरक्षण मिळालं तरी धंदा चालूच होता, अस्वल नाचवणाऱ्या कलंदरांना दुसरं काम आणि अस्वलांना आग्र्यासारखी बचाव केंद्रं मिळाली तेव्हा कुठे 2009 च्या सुमारास तो थांबला.