खुर्चीत पडून जगणारी माणसं: 'सरोगेट्स'मागची गोष्ट

'सरोगेट्स' अमेरिकेत सप्टेंबर २००९ मध्ये लागला. डिसेंबरात 'अवतार' आला आणि हा बिचारा झाकोळून गेला. खरं तर दोन्हींत माणूस एका जागी पडून राहतो आणि दुसऱ्या देहातून वावरतो. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, परकायाप्रवेश. शंकराचार्य अमरू राजाच्या देहात शिरले तेव्हा त्यांचा मूळ देह शिष्यांनी गुहेत जपला, अशी आख्यायिका आहे. जोनाथन मोस्टोच्या या सिनेमात देह जपायला शिष्य नाहीत. लोक घरात खुर्चीवर आडवे होतात आणि त्यांचे देखणे यंत्रमानव कामावर जातात. ब्रूस विलिसच्या यंत्राला तर चक्क सोनेरी केसांचा कोंबडा आहे.

सिनेमा बेतलाय रॉबर्ट वेंडिटीने लिहिलेल्या आणि ब्रेट वेल्डलीने चितारलेल्या, २००५-०६ मधल्या पाच अंकांच्या कॉमिकवर. ते छापणाऱ्या टॉप शेल्फ या संस्थेतच वेंडिटी पुस्तकं पॅक करून टपालाने धाडायचं काम करत असे. त्याला कल्पना सुचली ती इंद्रा सिन्हा यांचं 'द सायबरजिप्सीज' वाचून. सिन्हा जन्माने मुंबईचे. पुस्तक आहे मोडेमच्या काळातल्या ऑनलाइन खेळांबद्दल आणि गप्पांबद्दल, तिथल्या खोट्या नावांत इतकी गुंतलेली माणसं की त्यापायी संसार पणाला लागले. वेंडिटीला प्रश्न पडला, हे खोटं रूप अंगावर घालून बाहेर पडता आलं तर? म्हणजे ही गोष्ट यंत्रांची वाटली तरी जन्मली टोपणनावांतून.

यंत्रांची वंशावळ मात्र वेगळी आणि बरीच जुनी. रॉबर्ट हाइनलाइनच्या १९४२ मधल्या कथेतला वाल्डो स्नायूंच्या आजाराने इतका दुबळा, की यांत्रिक हातांवाचून त्याचं पान हलत नाही. पुढे दूरवरून चालणाऱ्या अशा हातांना इंग्रजीत 'वाल्डो' हेच नाव पडलं. शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत रे गर्ट्झने चाळिशीच्या दशकाअखेरीस तसे हात खरोखर बनवले. किरणोत्सारी पदार्थ जाड भिंतीपलीकडे, हाताळणारा अलीकडे. सप्टेंबर २००१ मध्ये तर न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या जॅक मारेस्को यांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या रुग्णाचं पित्ताशय काढलं.

तोवर प्रश्न फक्त हातांचा होता. चेहरा आणला जपानच्या हिरोशी इशिगुरो यांनी. २००६ मध्ये त्यांनी हुबेहूब स्वतःसारखा यंत्रमानव घडवला, दुरून चालवता येणारा. सिनेमाच्या सुरुवातीला त्यांची खरी चित्रफीतही दिसते. काल्पनिक इतिहासाला खऱ्याचं ठिगळ लावायची ही युक्ती मला सगळ्या पाठलागांपेक्षा आवडली.

सिनेमातला शोधक कँटर स्वतः चाकाच्या खुर्चीत असतो. ही यंत्रं त्याने अपंगांसाठी बनवलेली. धडधाकट लोकांनी ती पळवली. वाल्डोही दुबळाच होता. हा धागा पटकथेने जेमतेम ओढला आणि गोळीबारात सोडून दिला, ही माझी तक्रार.

टोकियोच्या निहोनबाशी भागात २०२१ पासून एक कॅफे आहे. तिथे ओरीहिमे नावाचे यंत्रमानव गिऱ्हाइकांशी बोलतात, कॉफी आणून देतात. चालवणारे 'पायलट' घरी असतात, कित्येक जण अंथरुणाला खिळलेले. यंत्रांना ना केस, ना त्वचा. चेहरा पांढरा, मुखवट्यासारखा.