पोटातील फडफड

पोटात काहीतरी फडफडल्यासारखे, थरथरल्यासारखे किंवा आतून कोणी टिचकी मारल्यासारखे वाटणे. हा आजार नव्हे, ही एक जाणीव आहे आणि तिचा उगम दर वेळी एकच नसतो. टाचणी त्वचेवर कुठे टोचली ते बोट ठेवून सांगता येते. आतल्या अवयवांच्या बाबतीत मेंदूचा अंदाज ढोबळ असतो. म्हणून ‘कुठे होते’ यापेक्षा ‘कोणत्या तालात होते’ हे पाहणे अधिक उपयोगी.

सर्वांत वरवरचे कारण पोटाच्या भिंतीचे स्नायू. डोळा लवतो तसा पोटाचा स्नायूही लवतो. त्यातले काही तंतू आपोआप आखडतात आणि सैल पडतात. बारकाईने पाहिले तर बरगडीखाली किंवा बेंबीच्या बाजूला कातडी उडताना दिसते. जागरण, दमणूक, जास्त व्यायाम, चहा-कॉफीचा अतिरेक ही नेहमीची निमित्ते. बहुधा काही दिवसांत ते आपसूक थांबते.

त्याखाली आतडी. जठर मिनिटाला सुमारे 3 वेळा आकुंचन पावते, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील लय मिनिटाला 12च्या आसपास असते. एरवी हे कळत नाही. वायू आणि पाणी एकत्र ढकलले गेले की मात्र कळते, अनेकदा गुडगुड ऐकूही येते. पोट रिकामे असताना साधारण दीड-दोन तासांनी आकुंचनांची एक जोरदार लाट जठरापासून आतड्यात उतरत जाते. पोटात कावळे ओरडतात ते बरेचसे तिच्यामुळे. परीक्षेआधी पोटात जो गोळा येतो तोही इथलाच. भीतीने अ‍ॅड्रेनालिन वाढते, आतड्यांकडचे रक्त स्नायूंकडे वळते आणि आतड्यांची लय बिघडते. ‘मनाचे खेळ’ म्हणून तो उडवून लावणे बरोबर नाही. आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे स्वतःचे जाळे असते.

ठोका नाडीच्या तालात पडत असेल तर ती महारोहिणी, म्हणजे हृदयाकडून निघणारी मुख्य धमनी. ती कण्याच्या पुढून खाली येते आणि बेंबीच्या पातळीजवळ दुभागते. गुडघे मुडपून उताणे झोपावे, एक तळवा पोटावर हलका ठेवावा आणि दुसऱ्या हाताने त्याच हाताच्या मनगटाची नाडी पाहावी. दोन्ही ठोके जुळले की उलगडा झाला. सडपातळ माणसात हे स्वाभाविकच असते. धमनीची रुंदी तिथे साधारण 2 सेंमी असते. 3 सेंमी किंवा अधिक झाल्यास तिला फुगा आला असे मानतात. धूम्रपान केलेल्या, साठी ओलांडलेल्या पुरुषांत हा धोका जास्त. ठोक्यासोबत गाठ लागली तर ती दाबत बसू नये, तपासून घ्यावी. पोटात किंवा पाठीत अचानक तीव्र वेदना आणि घेरी आल्यास क्षणाचाही विलंब नको.

गरोदरपणात बाळाची हालचाल पहिलटकरणीला बहुधा 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास कळते, आधी बाळंतपण झालेलीला थोडी आधी. सुरुवातीला ती वायूसारखीच भासते. उलट, बाळंतपणानंतर कित्येक महिने किंवा वर्षेही लाथा जाणवल्याचे अनेक जणी सांगतात. पाळी चुकली असेल तर तर्क करत बसण्यापेक्षा चाचणी करावी. पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल मंदावली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

फडफडीसोबत वजन घटणे, शौचाला काळे होणे, सतत उलट्या किंवा हातापायांत अशक्तपणा असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

क्वचित श्वासपटलच, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायूच, फडफडते. सूक्ष्मदर्शकासाठी प्रसिद्ध असलेल्या आंतोनी व्हान लेव्हेनहूकला आयुष्याच्या अखेरीस, 1723मध्ये, हा त्रास झाला. वैद्यांच्या मते ती हृदयाची धडधड होती. त्याने ते मानले नाही, दोष श्वासपटलाचा आहे असे लिहून ठेवले. या दुर्मीळ विकाराला आज त्याचेच नाव आहे.