नानांच्या अंगावरचा पांढरा

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ साली पुण्यात होता, तेव्हा नाना फडणीस पन्नाशीला आले होते. १७६१ च्या पानिपतातून जीव वाचवून परतलेले नाना पुढे अनेक वर्षे पेशव्यांचा कारभार ओढत राहिले. वेल्सने सवाई माधवरावांसोबत त्यांना रंगवले. ते तैलचित्र आज लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्यात माझी नजर नानांच्या चेहऱ्याआधी कपड्यांच्या पांढऱ्या रंगावर जाते.

त्या काळी तैलचित्रातला पांढरा म्हणजे सफेता, शिशाचे एक कार्बोनेट. तो करायची युरोपातली जुनी रीत अशी: मडक्यात व्हिनेगर घालायचे, वर शिशाचे पत्रे ठेवायचे आणि अशी मडकी घोड्याच्या लिदीत पुरायची. लीद कुजताना ऊब आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. व्हिनेगरची वाफ पत्रा खाते आणि काही आठवड्यांत त्यावर पांढरे पोपडे धरतात. ते खरवडून दळायचे. या कामात माणसांच्या अंगात शिसे भिनायचे. चित्रातल्या शुभ्रपणाची ही किंमत विसरू नये.

हा सफेता जवसाच्या तेलात घोटतात. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि घट्ट पापुद्रा तयार होतो. म्हणून ते सुकताना सुरुवातीला चक्क जड होते! शिसे या सुकण्याला वेगही देते.

पापुद्रा धरला तरी बदल थांबत नाही. तेल जुने होते तसा प्रकाश वाकवण्याचा त्याचा गुण वाढतो आणि सफेत्याच्या गुणाजवळ सरकतो. दोघांतला फरक जितका कमी, तितका प्रकाश कमी विखुरतो. शिवाय शिसे आणि तेलातली आम्ले मिळून एक प्रकारचा साबण तयार होतो. दोन्हींमुळे पांढरा थर हळूहळू पारदर्शक होतो आणि चित्रकाराने आधी काढून मग झाकलेली रेघ शतकानंतर वर डोकावू शकते.

कागदावरच्या लघुचित्रात हाच सफेता डिंकात कालवलेला असतो. तिथे तेलाचे कवच नसते, त्यामुळे हवेतला हायड्रोजन सल्फाइड त्याला काळा करतो. जुन्या लघुचित्रात एखादा चेहरा काजळी फासल्यासारखा दिसला, तर बहुधा हेच झालेले असते.

नानांची चित्रे पुढे अनेकांनी काढली. एखादे खरेच जुने आहे का, याला हा पांढराच साक्ष देतो. रंगावर क्ष-किरण टाकले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेचे किरण परत सोडते. चित्राला चाकू लावावा लागत नाही. शिसे दिसले तर जुनेपणाची फक्त शक्यता उरते, खात्री नाही, कारण सफेता नंतरही वापरात होता. टायटेनियमचा पांढरा मात्र १९२० च्या आसपासच बाजारात आला. तो सापडला, तर नानांची ती बाही वेल्सच्या कुंचल्यातून उतरलेली नाही, मग चौकटीखाली काहीही लिहिलेले असो.